मध्ये उभा राहणारा

सोमवार, ३ फेब्रुवारी

आज आमच्या खिडकीवर दगड आला.

बाजारातल्या बैठकीहून घरी पोचले तर बाहेरच्या खोलीत काचांचा सडा पडलेला. हे स्टुलावर उभे, हातात पडद्याची दांडी, चेहरा पांढराफटक. "अगं, ती काच ना..." एवढंच बोलले. मी म्हटलं, "काही बोलू नका. मला सगळं समजलं." आणि समजलंच होतं. परवाच्या सभेत मी बाजार पाडायला निघालेल्या ठेकेदाराची सालटी काढली होती. त्याने हे उत्तर पाठवलं.

दगड मात्र सापडला नाही. सोफ्याखाली पाहिलं, कपाटामागे पाहिलं. हे म्हणाले, "दगड नसेलच गं." मी म्हटलं, "नसेल कसा? आपटून परत बाहेर गेला असेल. भेकड माणसांचे दगडसुद्धा पळ काढतात." हे वाक्य माझं मलाच इतकं आवडलं की सभेसाठी लगेच टिपून ठेवलं.

हे केरसुणीने काचा गोळा करत राहिले. एक मोठा, टोकदार तुकडा मी रुमालात गुंडाळून ठेवला आहे. लोकांना दाखवीन.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

काल झोप लागली नाही म्हणून आज दिवसभर डोकं भणभणत होतं. हॉलमधून स्वयंपाकघरात, स्वयंपाकघरातून हॉलमध्ये, अशा फेऱ्या मारत बसले. खिडकीला हे पुठ्ठा लावून गेले आहेत. पुठ्ठा वाऱ्याने सारखा टकटक करतो. दर वेळी मी उठते.

जन्मभर इतिहास शिकवला. राजवाडे कुणी बांधले आणि त्यातून कुणाला हुसकावलं, हे पोरांच्या डोक्यात घालता घालता केस पिकले. निवृत्त झाल्यावर गप्प बसून भाजी निवडायची हे मला जमणारं नव्हतं. पालिकेला जुना बाजार पाडायचा आहे. बाजारापलीकडच्या मोकळ्या जागेत मोठी इमारत उठणार, दुकानदारांना तिच्यात गाळे मिळणार, असं सांगतात. या "मिळणार"वर माझा काडीचा विश्वास नाही. एकदा माणूस जागेवरून उठला की त्याची जागा गेली. ह्यांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान त्याच बाजारात, लग्नाच्या आधीपासून. म्हणून बाजाराच्या संघटनेने बोलायचं काम माझ्यावर सोपवलं. बाजारात मला "ताई" म्हणतात. पाठीमागे "तोफ" म्हणतात. मला दोन्ही चालतं.

पालिकेला आता शेवटचं उत्तर द्यायचंय, त्याचं मतदान तेवीस तारखेला. आमच्या बाजारात मतदान हात वर करून होत नाही. पूर्वी कुणी दुकान सोडून यायला तयार नसायचं, तेव्हापासूनची रीत अशी की चौकातली घंटा वाजली की ज्याला ठराव मान्य त्याने आपलं शटर खाली ओढायचं, अमान्य असेल त्याने उघडं ठेवायचं. लपवाछपवी नाही. गेल्या वर्षी मी "जागा सोडायची नाही" हा ठराव मांडला, घंटा वाजली आणि सगळा बाजार एका आवाजात खाली आला. धडाड! एकही शटर वर राहिलं नाही. मसालेवाल्या काकांचं तेवढं शेवटी आलं, पण ते वयाने थकले आहेत. मी चौकात उभी राहून चारी गल्ल्यांकडे पाहत होते. अंगावर काटा आला. अशी एकी मी पुस्तकातही वाचली नव्हती.

दगडाची बातमी ऐकून खाटीकमामा संध्याकाळी आले. म्हणाले, "ताई, घरात कुत्रा पाहिजे. माझ्या भावाकडे आहे एक. राखणीचाच."

"मामा, माणसांच्या लढाईत कुत्र्याचं काय काम?"

"माणसं झोपतात ना, ताई."

मी म्हटलं, कुत्रा पाळणं म्हणजे भीती पाळणं. मामा म्हणाले, "बरं. गुरुवारी आणतो."

गुरुवार, ६ फेब्रुवारी

कुत्रा आला. हा कुत्रा आहे असं मला कुणी सांगितलं नसतं तर मी त्याला वासरू समजले असते.

मामांनी टेम्पोचं फळकूट खाली टाकलं आणि तो उतरला. उडी नाही, घाई नाही. एक पाय, मग दुसरा, मग बाकीचं धूड. रंग ओल्या वाळूचा, तोंड मात्र काळंकुट्ट, कोळशाच्या पोत्यात घालून आल्यासारखं. डोकं बादलीएवढं. गाल दोन्ही बाजूंनी वाळत घातलेल्या टॉवेलांसारखे लोंबतात आणि त्यांच्या टोकाला लाळेची तार. मान कुठे संपते आणि छाती कुठे सुरू होते ते कळत नाही, सगळं एकच ओसंडलेलं कातडं. कपाळावर इतक्या आठ्या की जगातले सगळे खटले निकालासाठी याच्याकडेच आले असावेत. डोळे लहान, मधाच्या रंगाचे, आणि माणसाकडे पाहताना न लवणारे.

"जात मॅस्टिफ," मामा म्हणाले. "भुंकणार नाही उगाच."

"मग राखण कशी करणार? भाषण करून?"

"ते तुम्ही आहातच की, ताई."

हे हसले. मी ह्यांच्याकडे पाहिलं तेव्हा थांबले.

मी त्याला घरभर फिरवलं. दार दाखवलं, फुटकी खिडकी दाखवली, "इथे बसायचं" असं ठणकावून सांगितलं. त्याने माझं सगळं ऐकून घेतलं, मग संथ चालीने ह्यांच्या खुर्चीपाशी गेला, गोल फिरला, आणि "हुश्श" करून ह्यांच्या पायांवर पसरला. ह्यांना पाय हलवता येईना. तासभर तसेच बसून होते. म्हणे, "असू दे. ऊब येते."

शनिवार, ८ फेब्रुवारी

मी त्याचं नाव "वज्र" ठेवलं. नावातच दरारा हवा. दिवसभर हाका मारल्या, कान हलला नाही. संध्याकाळी हे दुकानातून आले आणि दारातूनच म्हणाले, "काय रे बाबू?" तर ते धूड उठून शेपटीने टेबलावरचा तांब्या पाडत दाराशी गेलं. आता सगळे बाबूच म्हणतात. हे म्हणजे ठरावाविना नाव बदलण्यासारखं झालं.

वाचनालयातून कुत्र्यांवरचं जाडजूड पुस्तक आणलं. ही जात फार जुनी. प्राचीन राजवाड्यांच्या भिंतींवर असेच थोराड, लोंबत्या गालांचे कुत्रे कोरले आहेत, गळ्यात पट्टे, मागे शिकारी. म्हणजे याचे पूर्वज राजांच्या दारात उभे. मी वाचता वाचता म्हटलं, "सत्तेची चाकरी तुझ्या रक्तात आहे रे." बाबू घोरत होता. घोरणं असं की पुठ्ठ्याची टकटक ऐकू आली नाही.

लेकीचा फोन आला होता, हे म्हणाले. ती दुकानातच फोन करते, घरी करत नाही. मुलींना वडिलांचा ओढा असतोच. शिवाय मी सभांमध्ये असते.

ह्यांच्या बोटाला पट्टी दिसली. दारात सापडलं म्हणाले. वेंधळेपणा जन्मजात.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

आज बाबूने दाखवून दिलं!

दुपारी ठेकेदाराचा माणूस आला. चकचकीत बूट, काखेत नकाशांची गुंडाळी. "ताई, समजावून सांगायला आलोय" म्हणत आत शिरला. मी म्हटलं, समजावून घ्यायचं वय गेलं. तो चिडला. आवाज चढवून, बोट नाचवत माझ्या अंगावर येऊन बोलू लागला. तेव्हा बाबू उठला. गुरगुरला नाही, दातही दाखवले नाहीत. नुसता चालत आला आणि आमच्या दोघांच्या मध्ये आडवा उभा राहिला. त्याची कूस माझ्या गुडघ्यांना टेकलेली, तोंड त्या माणसाकडे. बस. एखाद्याने दारात कपाट सरकवून ठेवावं तसा. तो माणूस डावीकडे सरकला, बाबू डावीकडे सरकला. त्याचं बोट खाली आलं. आवाज तर आधीच खाली आला होता. नकाशे टेबलावर तसेच टाकून गेला.

मी बाबूचं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि म्हटलं, "कॉम्रेड!" त्याने माझ्या साडीला लाळ पुसली.

हे आले तेव्हा त्यांना सगळं साभिनय सांगितलं. हे नकाशे उलगडून बराच वेळ पाहत होते. मी म्हटलं, टाका ती रद्दी. त्यांनी घडी करून कपाटावर ठेवली.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

बाबूला टोचण्यासाठी डॉक्टरीणबाईंकडे नेलं. मी आणि हे दोघंही गेलो, कारण एकटीला तो हलत नाही. सुई टोचली तेव्हा बाबूने फक्त आठ्या वाढवल्या.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ही जात शांत असते, पण मंद नसते. आधी बघतात, मग ठरवतात. चावणं अगदी शेवटी. बहुतेक वेळा अंगानेच अडवतात. मात्र एक सांगते, चढलेले आवाज यांना सोसत नाहीत. घरात भांडणं होतात का?"

"छे!" मी म्हटलं. "आमच्या संसारात भांडण म्हणून माहीत नाही. हे एक शब्द उलट बोलत नाहीत."

बाई माझ्याकडे पाहत राहिल्या. मग ह्यांच्याकडे पाहिलं. हे खाली बसून बाबूचा कान खाजवत होते.

"मग ठीक," बाई म्हणाल्या.

शनिवार, १५ फेब्रुवारी

अक्षर वाकडं येतंय. येऊ दे.

रात्रीच्या जेवणाला बसलो होतो. हे सहज म्हणावं तसं म्हणाले, "आज दुपारी जरा नवीन इमारतीच्या जागेकडे गेलो होतो. नमुन्याचा एक गाळा बांधलाय त्यांनी."

मी म्हटलं, "कशाला?"

"बघायला."

बघायला! ज्या घराची खिडकी त्यांनी फोडली त्या घरातला माणूस त्यांचा गाळा बघायला जातो! मी उठले. मला बसून बोलता येत नाही, विचार उभ्यानेच सुचतात. मी विचारलं, उद्या लोक काय म्हणतील? जिचा नवरा चोरून गाळे बघतो ती बाई आम्हाला लढायला सांगते, असंच ना? वेढा पडलेल्या किल्ल्यांचे दरवाजे नेहमी आतून उघडले गेले, इतिहास वाचा! हे भातात बोट फिरवत राहिले. "अगं, मी फक्त..." "फक्त काय? बोला ना!" मी थांबले होते, पण ते बोललेच नाहीत.

आणि तेवढ्यात बाबू उठला. आला तसा सरळ आमच्या मध्ये. पण आडवा उभा राहिला तो ह्यांच्या बाजूने! कूस ह्यांच्या खुर्चीला टेकलेली आणि तोंड माझ्याकडे. मी डावीकडे झाले, तो डावीकडे. त्या मधाळ डोळ्यांनी माझ्याकडे पाहत राहिला. मी ओरडले, "हट!" तर आणखी एक पाऊल पुढे आला आणि छातीने मला मागे लोटलं. ढकललं नाही, लोटलं. जसं गर्दीत एखादा थोराड माणूस न बोलता सरकवतो.

फितूर. ह्यांनी ताटातलं खायला घालून त्याला फितवलंय. कुत्रा शेवटी ज्याच्या हातात घास त्याचा. त्याच्या पूर्वजांबद्दल मी काय वाचलं होतं ते आठवलं.

रविवार, १६ फेब्रुवारी

लिहावं की न लिहावं. पण या वहीत मी खोटं लिहीत नाही.

संध्याकाळी बाजाराच्या चौकात मोठी सभा. बाबूला मुद्दाम व्यासपीठावर नेलं. लोकांनी पाहावं की आम्ही घाबरून नव्हे, तयारीने उभे आहोत. लोक टाळ्या वाजवत होते, पोरं त्याच्याकडे बोटं दाखवत होती. तो माझ्या खुर्चीशेजारी लाळ गाळत बसला.

मी रुमाल सोडला आणि काचेचा तुकडा वर धरला. दिव्यात असा लखलखला! मी म्हटलं, "ही माझ्या घराची काच. उद्या ही तुमच्या घराची असेल. भेकड माणसांचे दगडसुद्धा पळ काढतात!" चौक दणाणला. समोर तिसऱ्या रांगेत हे बसले होते, मान खाली घालून. मला वाटलं, भरून आलं असेल.

तेवढ्यात मसालेवाले काका उठले. "ताई, जरा आमचंही ऐकून घ्या. छप्पर गळतंय, माल भिजतो..." मी म्हटलं, छप्पर गळतं म्हणून घर सोडायचं? काका काठी टेकत व्यासपीठावर चढले, माइक मागायला हात पुढे केला. मी माइक दिला नाही. का द्यावा? मी बोलत होते. माझा आवाज चढत गेला, मला माहीत आहे कसा चढतो तो, पायांपासून येतो. "काका, तुम्हाला किती दिले त्यांनी?"

आणि बाबू उठला.

सगळ्या बाजारासमोर तो चालत आला, काका आणि माझ्या मध्ये आडवा उभा राहिला, कूस काकांच्या धोतराला लावली आणि छातीने मला मागे लोटायला लागला. एक पाऊल. आणखी एक. माइकची वायर ताणली गेली, माइक माझ्या हातातून सुटला. कुणीतरी मागून ओरडलं, "तोफेला ब्रेक लागला रे!" आणि चौक हसला. टाळ्यांपेक्षा मोठा आवाज होता तो. जे माझ्यासाठी टाळ्या वाजवत होते तेच हसत होते, पोट धरून.

काकांनी बाबूच्या पाठीवर हात ठेवला. मग काठी टेकत खाली उतरले.

सोमवार, १७ फेब्रुवारी

खाटीकमामांना सांगितलं, कुत्रा परत न्या. बिघडलेला माल आहे. मामा म्हणाले, "बिघडलेला नाही ताई. नीट चालतोय." मला त्यांच्या हसण्याचा राग आला. बुधवारी टेम्पो घेऊन येणार आहेत.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

कशातच मन लागेना. पुस्तक उघडलं, तीच ओळ पुन्हा पुन्हा वाचली. बाजारात गेले तर बोलणारी माणसं गप्प होतात. पूर्वीही व्हायची. तेव्हा मी त्याला मान म्हणायचे. आज तेच पाहून भाजी न घेताच परतले.

घरी हे आणि बाबू. हे त्याला कंगव्याने विंचरत होते, जणू लग्नाला न्यायचंय. माझ्याशी बोलले नाहीत. पण ते कधी बोलतात?

बुधवार, १९ फेब्रुवारी

सकाळी टेम्पोचा हॉर्न वाजला. मी साखळी आणायला वळले. हे दारात उभे राहिले आणि म्हणाले, "नाही."

मला आधी कळलंच नाही कोण बोललं.

"बाबू जाणार नाही," हे म्हणाले.

मी सुरू झाले. काय बोलले ते लिहीत नाही, पायांपासूनच आलं होतं सगळं. बाबू उठला, मध्ये आला, आडवा झाला. कूस ह्यांच्याकडे. मी त्याच्यावर खेकसणार, तेवढ्यात मला तो ठेकेदाराचा माणूस आठवला. हीच जागा. हेच उभं राहणं, हेच आठ्यांचं कपाळ. फक्त त्या दिवशी बोट नाचवत होता तो, आणि गुडघ्यांना ऊब लागत होती ती मला.

मी गप्प झाले. बाबू बसला.

मी पुन्हा मोठ्याने म्हटलं, "म्हणजे काय?" बाबू उभा राहिला.

हळू म्हटलं, "म्हणजे काय?" तो बसला. तिसऱ्यांदा करून पाहिलं. उठला. बसला. ह्यांना हसू फुटलं. मग त्यांना ते आवरेना, भिंतीला टेकून हसत राहिले, आणि हसता हसता डोळे पुसायला लागले, आणि मग नुसतेच पुसत राहिले.

मामांनी टेम्पोतून विचारलं, "नेऊ की नको?" मी हात हलवून त्यांना जायला सांगितलं. आवाज काढायची हिंमत झाली नाही.

आम्ही बसलो. बाबू मध्ये. हे म्हणाले, "काच मी फोडली."

मी तोंड उघडलं. बाबूने डोकं उचललं. मी तोंड मिटलं.

"पडदा धुवायला काढत होतो. दांडी निसटली, टोक काचेवर बसलं. तू आलीस तेव्हा तेच सांगत होतो. रात्रीही सांगायला गेलो. सभेच्या सकाळीही. मग तू तो तुकडा वर धरलास. त्यानंतर कसं सांगणार?"

मी काहीच बोलले नाही. आयुष्यात एवढं कठीण काम केलेलं आठवत नाही.

"मला नवीन गाळा हवाय," हे म्हणाले. "त्याला खिडकी आहे. मोठी. जन्म गेला बल्बखाली सुया बघण्यात. आता सुईचं भोक दिसत नाही, बोटाने चाचपतो. त्या शनिवारी तेच बोट सुईखाली गेलं. दारात सापडलं म्हणून तुला खोटं सांगितलं. गेल्या वर्षीसुद्धा शटर उघडंच ठेवायचं होतं मला. तू चौकातून बघत होतीस. मी ओढलं."

"तुम्ही एकटेच?" हे मी इतक्या हळू विचारलं की त्यांना "काय?" म्हणावं लागलं.

"काकांना विचार. त्यांच्या शेजारच्यांना विचार. मी कुणाची नावं सांगणार नाही."

धडाड. तो आवाज आठवला. एका दमात खाली आलेला सगळा बाजार. अंगावर काटा आला, पण तेव्हाचा नव्हे.

"मला पटलेलं नाही," मी म्हटलं. "जागा सोडली की जागा जाते. तुमच्या डोळ्यांचं वाईट वाटतं म्हणून ते खोटं ठरत नाही."

"माहीत आहे," हे म्हणाले. "तू बरोबरही असशील. पण मला खिडकी हवीय."

यावर माझ्याकडे इतिहासातला एकही दाखला नव्हता. बाबू आडवा झाला आणि घोरायला लागला.

शनिवार, २२ फेब्रुवारी

उद्या मतदान. दोन दिवस ह्या खोलीतून त्या खोलीत करते आहे. काचेचं सांगावं का? सांगितलं तर ठराव पडेल. नाही सांगितलं तर जिंकेन, आणि जिंकलेल्या प्रत्येक शटरकडे पाहून विचारत राहीन की हे कुणी ओढलं, त्या माणसाने की माझ्या आवाजाने.

ह्यांना विचारलं, "उद्या तुम्ही काय करणार?"

"तू सांग."

"नाही. मी नाही सांगणार." ह्यांनी नकाशे कपाटावरून काढून टेबलावर ठेवले. मी पाहिले. खिडकी खरंच मोठी आहे.

रविवार, २३ फेब्रुवारी

चौकात गेले. माइक घेतला नाही. म्हटलं, "माझ्या घरावर दगड आला नव्हता. काच घरातच फुटली. मला कुणी सांगत होतं, मी ऐकून घेतलं नाही. काका, मी तुम्हाला जे विचारलं ते विचारायला नको होतं."

आधी खाटीकमामांचा आवाज आला, "म्हणजे तोफेत दारूच नव्हती!" पुन्हा हसले सगळे. काही चिडलेही, त्यांचा राग रास्त आहे. काका हसले नाहीत. त्यांनी काठी वर करून मला पुढे बोलायची खूण केली.

मग मी ठराव मांडला. तोच, जागा न सोडण्याचा. त्यात माझा एक शब्दही बदललेला नाही. पण हळू बोलले, तर पुढच्या रांगा मान पुढे करून ऐकत होत्या, आणि मागून कुणीतरी म्हणालं, "ताई, ऐकू येत नाही!" मी म्हटलं, "मग जवळ या." आले.

घंटा वाजली.

या वेळी धडाड झालं नाही. इकडे एक शटर आलं. बऱ्याच वेळाने तिकडे एक. मग तीन-चार एकत्र, मग काहीच नाही. कुणी अर्ध्यावर आणून पुन्हा वर नेलं. कुणी शेजाऱ्याकडे पाहिलं आणि पाहून झाल्यावर उलट केलं. मसालेवाल्या काकांनी स्टूल आणून उघड्या दुकानात ठाण मांडलं. मी मान वर करून कोणत्याच गल्लीकडे रोखून पाहिलं नाही. एकदाच पाहिलं. ह्यांचं दुकान उघडं होतं. हे आत उभे होते, हात कुठे ठेवावेत ते कळत नसल्यासारखे. उंबऱ्यावर बाबू पसरलेला, गाल फरशीवर सांडलेले. कुणाला अडवत नव्हता. फक्त उन्हाच्या तुकड्यात झोपला होता.

या बाजारात पहिल्यांदाच शटरं मोजायला माणसं फिरवावी लागली. ठराव पडला. फार फरकाने नाही.

मी ह्यांच्या दुकानापर्यंत चालत गेले. लोक बघत होते. मी म्हटलं, "चला घरी."

आम्ही निघालो. मी म्हटलं, हा निर्णय चूक आहे आणि मी तो चूकच म्हणत राहणार. हे म्हणाले, म्हण. मी म्हटलं, आता निदान गाळे आधी हातात घ्यायचे, मगच जुनी जागा सोडायची. हे म्हणाले, ते बरोबर, पण त्याआधी प्रत्येक गाळ्याला खिडकी आहे का ते बघायचं, नकाशात मागच्या रांगेला नाही. मी म्हटलं, मागच्या रांगेला नाही? हे तुम्ही आत्ता सांगताय? हे म्हणाले, "तू कधी विचारलंस?" आणि हे त्यांनी मोठ्याने म्हटलं. रस्त्यावर. मीही मोठ्याने काहीतरी म्हटलं.

पुढे चाललेल्या बाबूने मान वळवून पाहिलं. आम्ही दोघंही हात हलवत, एकमेकांचं वाक्य तोडत बोलत होतो. त्याने आमच्याकडे जरा वेळ पाहिलं, कपाळावरच्या आठ्या तशाच ठेवून. मग तोंड पुढे केलं आणि आपला चालत राहिला.